म्हाताऱ्या कुत्र्यांचा काळ

चौदा वर्षांच्या कुत्र्याला उचलून जिना उतरवणारी, त्याची गोळी दहीभातात दडवून भरवणारी माणसं दिसली की शेजारीपाजारी म्हणतात, ‘आजकालची थेरं!’ थेरं असतीलही. आजकालची मात्र नाहीत.

होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात राजा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो, तेव्हा त्याचा कुत्रा आर्गोस उकिरड्यावर गोचिडांनी भरून पडलेला असतो. उठायचं त्राण नाही, नुसती शेपूट हलते. धनी वेषांतर करून आलेला, त्यामुळे जवळही जाता येत नाही. तो चोरून डोळे पुसतो आणि आर्गोस प्राण सोडतो. लोक इथे निष्ठेचे गोडवे गातात. मला आधी उकिरडा दिसतो. धनीच परागंदा, मग नोकरांना कुत्र्याचं काय पडलंय?

इटलीत सालेर्नोला सापडलेला रोमन काळातला एक लेख त्याहून जिव्हाळ्याचा आहे. एका कुत्रीच्या थडग्यावर मालकाने कोरून घेतलंय: तुला रडत उचलून नेलं, पंधरा वर्षांपूर्वीही असंच उचललं होतं, तेव्हा मन आनंदात होतं. पुढे तिच्या खोड्या येतात. तो पेला धरायचा आणि ही त्यातून लपालपा चाटायची. तो दमून आला की शेपूट हलवत सामोरी जायची.

कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देणारा युधिष्ठिर आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणजे माया जुनी. घरोघरी दिसणारं कुत्र्याचं म्हातारपण मात्र बऱ्यापैकी नवं. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला 1914 साली एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासोबत पुरलेलं कुत्र्याचं पिल्लू सापडलं. काळ सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचा. दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी ताडलं, की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला असावा आणि कुणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके दिवस तगलं नसतं. तरी सातेक महिन्यांचं होऊन गेलंच.

हाच डिस्टेंपर पुढेही पिल्लांचा काळ ठरत राहिला. त्यावरची लस इंग्लंडमध्ये 1920च्या दशकात तयार झाली. जनावरांचे दवाखाने त्याआधीचे. मुंबईत परळचा 1883चा. पण तिथे गेलेलं पिल्लू म्हातारं होईलच, असा भरवसा लशींमुळे आला.

आता ते जगतं, आणि बारा-तेरा वर्षांनी मोतीबिंदू, सांधेदुखी, किडनी असं एकेक सुरू होतं. मग जिन्यावर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली.