लाटेचा हिशेब

मध्यंतरी बागायतदारांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ जो तो पुढे ढकलत होता. लांब दांडा, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला पंप आणि खाली मजकूर: ‘ना वीज, ना डिझेल, तरफेवर फुकट पाणी!’ टेकू, भार, बल हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. तरी तरफ काम वाचवते, हा समज काही जात नाही. तरफ वाचवते तो जोर. कमी जोर लावायचा, पण जास्त अंतरभर. दोन्हींचा गुणाकार, म्हणजेच काम, तेवढाच राहतो.

अडकित्ता बघा. श्रीवर्धनी रोठा (जातीची सुपारी) खिळ्यापासून 3 सेंटीमीटरवर आणि मूठ 15 सेंटीमीटरवर असेल, तर सुपारीवर पाचपट जोर पडतो. मात्र पातं 2 मिलिमीटर आत घुसायला मूठ 10 मिलिमीटर दाबावी लागते. भार मधे, म्हणून ही दुसऱ्या प्रकारची तरफ. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

माझा जीव आहे तो लाटेवर, म्हणजे विहिरीतून पाणी काढायच्या तरफेवर. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत पाणी वरच लागतं, तिथे शिंपण्यासाठी विहिरीवर लाट असायची. बेळक्याच्या मेढीवर (दुबेळक्या खांबावर) टेकवलेला लांब वासा, बुडख्याला म्हणजे जाड टोकाला बांधलेला धोंडा, शेंड्यापासून लोंबणारा बांबू आणि त्याला पोहरा. इजिप्तमधल्या 3000 वर्षांपूर्वीच्या थडग्यांतल्या चित्रांतही हेच यंत्र आहे, तेव्हा ‘हे फक्त आपल्याच पूर्वजांना ठाऊक होतं’ असं छाती फुगवून सांगण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. रिकामा पोहरा 2 किलो, त्यात पाणी 14 लिटर, खोली 4 मीटर. नुसत्या दोरीने शेंदलं तर 16 × 9.8 × 4, म्हणजे सुमारे 627 ज्यूल काम (9.8 हा गुरुत्वाचा आकडा). लाटेवर धोंडा असा बांधा की शेंड्याला 9 किलोचा तोल मिळेल. रिकामा पोहरा खाली नेताना 7 किलोचा जोर खाली लावायचा. भरलेला वर आणताना 16 वजा 9, पुन्हा 7 किलोचाच. दोन्ही खेपा मिळून 14 × 9.8 × 4, सुमारे 549 ज्यूल. वाचलेले 78 ज्यूल पोहऱ्याच्या वजनाचे आहेत. पाण्याच्या वाट्याचा एक ज्यूलही सुटलेला नाही.

धोंडा वाढवून तोल 16 किलोचा केला तर भरलेला पोहरा बोटानेही वर येईल, पण रिकामा खाली दाबायला 14 किलोचा जोर लागेल. बेरीज तीच. तरी जड धोंडा सोयीचा, कारण खाली दाबताना अंगाचं वजन टाकता येतं. वर उचलताना सगळं कमरेवर येतं. तमिळनाडूत तर माणूस वाशावरच पुढे-मागे चालून हे काम करायचा.

धोंडा किती जड? टेकूपासून बुडखा दीड मीटर आणि शेंडा साडेचार मीटर असेल, तर 9 किलोच्या तोलाला 27 किलो. पण वासाही वजनदार असतो. 15 किलोच्या वाशाचा गुरुत्वमध्य टेकूपासून शेंड्याकडे 1 मीटरवर पडला, तर त्याचं आघूर्ण (वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर) भागवायला आणखी 10 किलो लागतील. म्हणजे 37. (आघूर्णाशी ज्याचं वाकडं असेल त्याने ही ओळ सोडून द्यावी.)

व्हिडिओतलं वजन एकदा खाली येतं, पंप चालतो. ते पुन्हा वर कोण नेतं, हे कॅमेऱ्यात येत नाही.

तसाच प्रकार जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांचा. तळहातावर नारळ उभा राहिला की खाली पाणी! नारळ हलतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचालीने. आणि पुळणीलगत, किनाऱ्याच्या वाळूजवळ, कुठेही खणलं तरी बहुधा पाणी लागतंच, मग पाणाडा चुकणार कसा?

वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभ्या दगडात विहीर खोल जाते. तेवढा वासा आणायचा कुठून? तिथे कप्पी. एकच स्थिर कप्पी जोर अजिबात वाचवत नाही, उलट घर्षणापायी थोडा जास्तच मागते. फक्त दोरी खाली ओढता येते. मात्र दोरीच्या दोन्ही टोकांना पोहरे बांधले, तर उतरणारा रिकामा पोहरा चढणाऱ्याचं रिकामं वजन तोलतो. घर्षण सोडलं तर त्या 4 मीटरमागे तेच 78 ज्यूल सुटतात, तेही धोंड्याशिवाय.