चौकोन आणि ‘दविस’: जुन्या अँड्रॉइडवरचे दोन वेगळे आजार

‘जुन्या फोनवर मराठी नीट दिसत नाही’ ही तक्रार एकच वाटते, पण तिच्यात दोन आजार लपलेले असतात. एकाच्या फोनवर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. दुसऱ्याच्या फोनवर अक्षरं असतात, पण ‘दिवस’चा ‘दविस’ झालेला असतो आणि ‘सूर्य’ मधला र रफार व्हायचं सोडून पाय मोडून उभा असतो: ‘सूर्‌य’. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. हे मी हात पोळून शिकलो.

२०१२ च्या सुमारास आमच्याकडे अँड्रॉइड २.३ चा एक फोन होता. त्यावर मराठी म्हणजे नुसते चौकोन. मी फोन रूट केला (म्हणजे सिस्टीमच्या फाइली बदलायची मुभा मिळवली), सिस्टीमच्या फाँट्सच्या फोल्डरमधली ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ ही फाइल काढून तिथे देवनागरी अक्षरं असलेली फाइल टाकली आणि फोन पुन्हा चालू केला. चौकोन गेले. पहिलाच मेसेज उघडला, तर ‘आजचा दविस’!

फाँट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा साठा. चित्रच नसेल, तर फोन त्या जागी चौकोन काढतो. ₹ चं चिन्ह जुलै २०१० मध्ये मंजूर झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, आलं. त्याआधीच्या फाँटमध्ये ते असणार कुठून? गूगलच्या ‘नोटो’ फाँटचं नावसुद्धा ‘नो टोफू’ वरून आलंय. या चौकोनांना गमतीने टोफू म्हणतात.

‘दविस’चं कारण मात्र जुळणीत आहे. आपण ‘दि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: आधी द, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी उचलून द च्या अलीकडे ठेवायची, र् चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे काम सिस्टीममधला एक वेगळा भाग करतो. अँड्रॉइड २.३ मध्ये देवनागरीसाठी तो नव्हताच. म्हणून वेलांटी द च्या पुढे पडली आणि व ला जाऊन चिकटली. अशा फोनवर कितीही सुंदर फाँट टाका, फरक शून्य. (तेव्हा कित्येक ‘मराठी फाँट’ ॲप्स खपली, ती याच गैरसमजावर.)

खरा इलाज अँड्रॉइड ४.० चा. २०११ च्या शेवटी आलेल्या त्या आवृत्तीपासून देवनागरीचा फाँट आणि जुळणी दोन्ही आले. अपडेट मिळत नसेल, तर ओपेरा मिनी हा ब्राउझर कामी यायचा. पत्त्याच्या जागी ‘ओपेरा:कॉन्फिग’ लिहून बिटमॅप फाँटची सोय चालू केली, की त्यांचा सर्व्हर मजकुराची चित्रंच पाठवायचा. डेटा जास्त जायचा आणि मजकूर कॉपी करता यायचा नाही, पण ‘दिवस’ दिवसच दिसायचा.

प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर ते तिसरंच दुखणं. तिथे मजकूर वाटेतच हरवलेला असतो. चौकोन किंवा ‘दविस’ असेल, तर तोच मेसेज नव्या फोनवर पाठवून बघा, सुरेख वाचता येतो.

हीच जोडी आता इमोजींमध्ये भेटते. अगदी नवा इमोजी जुन्या फोनवर चौकोन होतो. लॅपटॉपवर काम करणारी बाई हा इमोजी दोन इमोजी जोडून बनतो, आणि फोनला ती जुळणी येत नसेल तर तो फुटतो: आधी बाई, शेजारी लॅपटॉप.