२५ लिटर उकळायचे तर

घरी बिअर करायला निघालेला माणूस आधी पातेलं आणतो आणि मग ते ठेवायचं कशावर याचा विचार करतो. माझंही तेच झालं. २५ लिटर वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर चढवला आणि दोन तास बघत बसलो. कढत झाला खरा, पण उकळी काही फुटेना.

हिशोब आधी केला असता तर कळलं असतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २.३ युनिट ऊर्जा लागते. दोन किलोवॅटचा हीटर पाण्यातच बुडालेला असतो, त्यामुळे त्याची जवळपास सगळी उष्णता पाण्यातच जाते. तरी सव्वा तास धरायचा. गॅसच्या ज्योतीची बरीचशी उष्णता पातेल्याच्या कडेनं वर निघून जाते.

खरी मेख उकळी आल्यावर आहे. वर्ट तासभर तरी रटरटत ठेवावा लागतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा त्याशिवाय नीट उतरत नाही. शिवाय माल्टमधून तयार होणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर जावं लागतं, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास मारतो. म्हणून पूर्ण झाकण ठेवायची सोय नाही. तासाभरात तीनेक लिटर पाणी उडतं, आणि त्या तीन लिटरची वाफ करायलाच १.९ युनिट खर्ची पडतात. म्हणजे आख्खं पातेलं तापवायला लागले जवळपास तेवढेच! दोन किलोवॅटचा हीटर इथे जेमतेम पुरतो. माझ्या मते तीन-साडेतीन किलोवॅट हवेत. २३० व्होल्टच्या १६ अँपियर सॉकेटवर तेवढं बसतं. मात्र वायरिंग त्या ताकदीचं हवं, अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

त्या तीन लिटरची वाफ होते पाच हजार लिटर. बंद खोलीत ती छतावर आणि भिंतींवर बसते, म्हणून वीज वापरली तरी एक्झॉस्ट पंखा लागतोच.

मोठा गॅस बर्नर घेतला तर जागेचा प्रश्न जिवाशी येतो. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखायला लागतं तेव्हा उकाड्यानं होत असेल असंच वाटतं. गळती झाली तर वेगळीच गंमत: एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. तेव्हा तळघर बाद. गॅरेजचं शटर अर्धं उघडलं म्हणजे मोकळी जागा झाली असं समजणारे खूप भेटतात. मी त्यांच्यात मोडत नाही. मोठा बर्नर उघड्यावरच.

इंडक्शनही चांगलं, पण पातेल्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे, आणि शेगडीला तेवढं वजन पेललं पाहिजे.

उकळी फुटायच्या बेतात असते तेव्हा हलू नका. वर्टमधली प्रथिनं फेस धरतात आणि तो दुधासारखा एकदम वर चढतो. पातेलं पाव भाग रिकामं ठेवलं तर सावरायला वेळ मिळतो. माल्टचा घट्ट पाक घालताना आच बंद करायची, नाहीतर तो बुडाशी बसून करपतो.

राहिलं उतरवणं. २५ लिटर वर्ट पाण्यापेक्षा जड, २६ किलोच्या घरात, आणि पायाखाली ओली फरशी. म्हणून मी पातेलं हलवतच नाही. उकळी संपायच्या आधी १५ मिनिटं तांब्याची कॉइल आत सोडतो, म्हणजे ती निर्जंतुक होते. आच बंद केली की तिच्यातून थंड पाणी खेळवतो, आणि वर्ट निवला की खालच्या तोटीला नळी लावून फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, सोडून देतो.