डीएनए-दुरुस्ती प्रथिने आणि दुर्मीळ आनुवंशिक विकार

डीएनएच्या रेणूला झालेली इजा ओळखणारी, बिघडलेला भाग कापून काढणारी आणि रिकामी झालेली जागा भरून देणारी प्रथिने म्हणजे डीएनए-दुरुस्ती प्रथिने होत. यांपैकी एखाद्या प्रथिनाचे जनुक जन्मतःच सदोष असले, तर जे विकार उद्भवतात ते अत्यंत विरळ असतात. परंतु पेशी आपला आनुवंशिक मजकूर कसा सांभाळते याविषयीची माहिती बऱ्याच अंशी या मोजक्या रुग्णांच्या पेशींमुळेच मिळाली आहे.

निरोगी पेशीतही डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते. तिचे कारण दर वेळी किरणोत्सर्ग किंवा रसायने असे बाहेरचेच असते असे नाही. पेशीतील पाणी आणि ऑक्सिजन यांच्याशी होणाऱ्या नित्याच्या अभिक्रियाही त्याला पुरेशा असतात. इजेचे प्रकार अनेक असल्यामुळे दुरुस्तीच्याही वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. त्यांपैकी तीन यंत्रणांचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या विकारांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासला गेलेला विकार म्हणजे झीरोडर्मा पिग्मेंटोझम (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एक्सपी’). व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात त्याचे वर्णन केले. काही बालकांची त्वचा थोडा वेळ ऊन लागले तरी फोड येईपर्यंत भाजते. काहींची मात्र मुळीच भाजत नाही, केवळ उघड्या भागावर काळपट ठिपके उमटत जातात, आणि नेमके याच मुलांचे निदान लांबते. वीस वर्षांखालील रुग्णांना सर्वसामान्यांच्या तुलनेत त्वचेच्या कर्करोगाचा धोका सुमारे दहा हजार पट असतो. हा रोग युरोप-अमेरिकेत साधारण दहा लाखांत एकाला होतो. जपानमध्ये त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे.

यामागचे कारण १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले. या रुग्णांच्या त्वचेतील पेशींवर अतिनील किरण सोडल्यावर, निरोगी पेशींप्रमाणे दुरुस्तीसाठी नव्या डीएनएची भर घातली जात नव्हती. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरील दोन शेजारी घटक एकमेकांना चिकटतात आणि सर्पिलाचा, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांच्या पिळाचा, घाट बिघडतो. एक्सपीसी हे प्रथिन त्या चिकटलेल्या जोडीला स्वतः ओळखत नाही. सर्पिल जिथे सैल झाले आहे ती जागा ते हेरते, हा या यंत्रणेतील सर्वांत लक्षणीय भाग म्हणावा लागेल. त्यानंतर एक्सपीबी व एक्सपीडी ही प्रथिने तेथील दोन धागे उलगडतात, एक्सपीएफ आणि एक्सपीजी इजेच्या दोन बाजूंना काप घेतात, सुमारे तीस घटकांचा तुकडा सुटून पडतो आणि समोरच्या धाग्याच्या आधाराने ती जागा भरली जाते.

या प्रथिनांच्या नावांतील अक्षरे आली ती रुग्णांच्या गटांवरून. १९७२ च्या सुमारास रॉटरडॅममध्ये डिर्क बोट्स्मा यांच्या गटाने दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी एकमेकींत मिसळून एक केल्या. काही जोड्यांमध्ये दुरुस्ती पुन्हा सुरू झाली, म्हणजे एका रुग्णात जे प्रथिन नव्हते ते दुसऱ्याच्या पेशीने पुरवले. तसे झाले नाही तेव्हा दोघांत एकच जनुक बिघडलेले असावे असे मानले गेले. अशा रीतीने ‘ए’ ते ‘जी’ असे सात गट निश्चित झाले. आठव्या प्रकारात कापण्याची ही यंत्रणा शाबूत असते. इजा झालेल्या जागेवरून न अडखळता नवा धागा विणणारे पॉलिमरेज तेवढे सदोष असते.

एवढ्यावर ‘दुरुस्ती थांबली की कर्करोग होतो’ असे सरळ समीकरण मांडता आले असते, पण कॉकेन सिंड्रोम त्यात बसत नाही. या विकारात वाढ खुंटते, डोळे खोल जातात, ऐकू येणे कमी होते, मज्जासंस्था झिजत जाते आणि मूल अकाली म्हातारे दिसू लागते. उन्हाचा त्रासही होतो, पण त्वचेचा कर्करोग वाढलेला आढळत नाही. येथे सीएसए किंवा सीएसबी हे प्रथिन सदोष असते. जनुकाचे वाचन चालू असताना वाचणारे एंझाइम इजेपाशी अडकले, तर तेथे दुरुस्तीची यंत्रणा बोलावण्याचे काम ही प्रथिने करतात. सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की अडकलेले वाचन पेशीला मरणाकडे नेते आणि मेलेल्या पेशीतून अर्बुद (कर्करोगाची गाठ) उद्भवत नाही. उलट न वाचल्या जाणाऱ्या भागांत इजा साचत राहिली, तर पेशी जगते पण तिच्यात उत्परिवर्तने वाढत जातात.

एक्सपीडीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. या एकाच जनुकातील उत्परिवर्तन कोठे आहे यावर झीरोडर्मा, झीरोडर्मा व कॉकेन यांचा एकत्रित विकार किंवा ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी यांपैकी काय होणार ते ठरते. शेवटच्या विकारात केसांत गंधक कमी असते, ते सहज तुटतात, आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यास त्यांवर वाघाच्या शेपटीसारखे काळे-पांढरे पट्टे दिसतात. एक्सपीडी दुरुस्तीखेरीज जनुकांचे वाचन सुरू करण्याच्या कामातही सहभागी असल्यामुळे ठिसूळ केस हे मुख्यतः त्या दुसऱ्या कामातील बिघाडाचे लक्षण मानले जाते.

डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना रासायनिक बंधाने जखडले गेले, तर ते सोडवण्यासाठी वीसहून अधिक जनुकांची प्रथिने लागतात. त्यांतील एखादे सदोष असल्यास फॅन्कोनी पांडुरोग होतो. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावांमध्ये त्याची नोंद केली. अस्थिमज्जा निकामी होणे हे त्याचे प्रमुख लक्षण आहे. निदानासाठी रक्तपेशींवर डायइपॉक्सिब्युटेन हे रसायन टाकतात. रुग्णाच्या पेशींत गुणसूत्रे तुटून चुकीच्या जोडीदाराला चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चार हातांच्या आकृत्या दिसतात. ब्रॅका-२ या स्तनकर्करोगाशी निगडित जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर हाच विकार होतो, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले.

ॲटॅक्सिया-टेलँजिएक्टेशियात दोन्ही धागे तुटल्याची वर्दी देणारे एटीएम प्रथिन नसते. तोल जाणे, डोळ्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसणे, प्रतिकारशक्ती दुबळी होणे आणि लसिकार्बुदे (लसिका-ऊतींचे कर्करोग) ही त्याची लक्षणे होत. ब्लूम आणि वेर्नर सिंड्रोम हे धागे उलगडणाऱ्या एकाच कुळातील दोन एंझाइमांच्या अभावाने होतात. पहिल्यात वाढ खुंटते व अनेक प्रकारचे कर्करोग लवकर होतात, तर दुसऱ्यात तारुण्यातच केस पांढरे होऊन मोतीबिंदू दिसू लागतो.

बहुतेक विकार अप्रभावी पद्धतीने वारशाने येतात, म्हणजे आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला धोका चारांत एक असतो. फॅन्कोनीचा एक प्रकार मात्र एक्स गुणसूत्रावरून येतो. वाहक सहसा निरोगी असतात, तथापि एटीएमच्या वाहक स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचा धोका वाढलेला असतो.

मूळ दोष दूर करणारा उपचार सर्वसाधारण वापरात नाही, म्हणून नेमके निदान होणे हेच उपचारांचा मोठा भाग ठरते. झीरोडर्मात अतिनील किरणांपासून कडक संरक्षण द्यावे लागते. फॅन्कोनीच्या रुग्णाला अस्थिमज्जा-प्रत्यारोपणापूर्वी औषधांची नेहमीची मात्रा दिली तर तीच घातक ठरू शकते, त्यामुळे ती बरीच कमी करतात. एटीएमच्या रुग्णांत किरणोपचारांबाबत अशीच दक्षता घ्यावी लागते. कॉकेन सिंड्रोममध्ये मेट्रोनिडाझोल या एरवी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाने यकृत अचानक निकामी होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत आणि या रुग्णांना ते वर्ज्य मानले जाते.