रायबोसोमी प्रथिनांचे स्वनियमन

रायबोसोमी प्रथिनांचे स्वनियमन : रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणारे यंत्र. त्याची काही प्रथिने स्वतःच्याच संदेशवाहक आरएनएला (जनुकातील माहितीची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनते) चिकटतात आणि आपले, तसेच आपल्या ओपेरॉनमधील (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या गटातील) इतर प्रथिनांचे उत्पादन थांबवतात. जीवाणूंमधील या व्यवस्थेला स्वनियमन म्हणतात. तिचा सर्वांत सखोल अभ्यास एशेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या आतड्यातील जीवाणूत झाला आहे.

मूळ प्रश्न हिशेबाचा आहे. ई. कोलायच्या रायबोसोमच्या लहान घटकात १६एस आरएनए व २१ प्रथिने असतात, तर मोठ्या घटकात २३एस व ५एस आरएनए आणि ३३ प्रथिने. (प्रथिनांच्या नावातील एस म्हणजे लहान घटकातील, एल म्हणजे मोठ्या घटकातील.) एल१२ च्या चार प्रती लागतात, बाकीच्यांची एकेकच. भरपूर अन्न मिळून वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या पेशीत सुमारे ७० हजार रायबोसोम असतात. वाढ मंदावली की ते काही हजारांवर येतात. या प्रथिनांची जनुके मात्र एका जागी नाहीत, ती वीसेक ओपेरॉनमध्ये विखुरलेली आहेत. तरीही एखादे प्रथिन फार उरले किंवा दुसरे कमी पडले असे सहसा होत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासू नोमुरा यांच्या गटाने १९७९ च्या सुमारास पेशीत या जनुकांच्या जादा प्रती घातल्या. संदेशवाहक आरएनए अपेक्षेप्रमाणे वाढला, प्रथिने मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. म्हणजे अडवणूक जनुकावरून आरएनए उतरताना होत नव्हती, त्या आरएनएवरून प्रथिन बनताना होत होती. १९८० मध्ये त्यांनी एकेकटे प्रथिन मुद्दाम जास्त बनवून पाहिले. एल१ वाढवले, तर त्याच्याच ओपेरॉनमधील एल११ चे उत्पादन घटले. परीक्षानळीतही तेच घडले, आणि २३एस आरएनए मिसळताच ही अडवणूक सुटली.

हे शेवटचे निरीक्षण साऱ्या कोड्याची किल्ली आहे. एल१ ची खरी जागा २३एस आरएनएवर. पण एल११-एल१ ओपेरॉनच्या संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीलाही जवळपास तशीच घडी असते. रायबोसोमी आरएनए मोकळा असेपर्यंत एल१ तिकडेच जाते, कारण तिथली पकड अधिक घट्ट आहे. तो संपला की उरलेले एल१ आपल्याच संदेशवाहक आरएनएवर बसते आणि रायबोसोमला तिथून वाचन सुरू करू देत नाही. एल१ चे वाचन एल११ च्या वाचनावर अवलंबून असल्याने एल१ एकाच जागी बसले तरी दोन्ही प्रथिने थांबतात. मोजमापासाठी वेगळा रेणू लागत नाही. शिल्लक प्रथिनच शिलकेची खबर देते. नियामक म्हणून बहुधा रायबोसोम जुळताना आरएनएवर थेट बसणारी प्रथिनेच दिसतात, आणि ते तर्कसंगतच आहे : मोकळा आरएनए किती उरला, हे त्यांनाच सर्वांत आधी जाणवणार.

प्रत्येक ओपेरॉनची रीत मात्र वेगळी आहे. एस१० ओपेरॉनमध्ये ११ जनुके असून त्यांवर एल४ चे नियंत्रण असते. लासे लिंडाल आणि जॅनिस झेंगेल यांच्या कामातून दिसले की एल४ दुहेरी काम करते : प्रथिननिर्मिती रोखते आणि पहिल्या जनुकाआधीच्या भागातच आरएनए उतरवणेही तोडते. एसपीसी ओपेरॉनमध्ये एस८ मधोमध, एल५ च्या सुरुवातीजवळ बसते. त्या जागेच्या आधीची जनुके वाचली जाऊ शकत असली, तरी तो आरएनए लवकर विघटित होतो आणि त्यांचेही उत्पादन घटते. एस१५ ची पद्धत मला सर्वांत विलक्षण वाटते. ते रायबोसोमला दूर ठेवत नाही. आरएनएची गाठीसारखी घडी पक्की धरून आलेल्या लहान घटकाला तिथेच अडकवते. आल्फा ओपेरॉनमध्ये एस४ शेजारच्या रायबोसोमी प्रथिनांना रोखते, पण त्याच ओपेरॉनमधील आरएनए पॉलिमरेजचा (जनुकावरून आरएनए उतरवणाऱ्या विकराचा) आल्फा घटक या नियंत्रणातून बराचसा सुटतो. ते योग्यच, कारण पेशीला त्याची गरज वेगळ्या प्रमाणात असते.

एकूण वेग ठरतो तो रायबोसोमी आरएनएच्या सात जनुकसंचांवर. अमिनो आम्ले कमी पडली की पीपीजीपीपी हा छोटा रेणू तयार होतो व तो डीकेएसए प्रथिनाच्या साथीने या संचांवरील काम मंदावतो. आरएनए कमी झाला की प्रथिने शिल्लक राहू लागतात आणि वर सांगितलेली अडवणूक आपोआप सुरू होते. पीपीजीपीपी व डीकेएसए ही जोडी रायबोसोमी प्रथिनांच्या जनुकांवरही थेट परिणाम करते, हे २०११ मध्ये दिसून आले. स्वनियमन त्यामुळे गैरलागू ठरत नाही. प्रथिनांचे आपापसांतील प्रमाण तेच बारकाईने जुळवते.

ई. कोलायमधील या रचना सर्व जीवाणूंत जशाच्या तशा नाहीत. बॅसिलस सबटिलिसमध्ये एस४ चे जनुक आल्फा ओपेरॉनमध्ये नसून वेगळ्या जागी आहे, तरी तिथेही एस४ स्वतःलाच आवरते. एस१५ आपल्या संदेशवाहक आरएनएवर ज्या घडीला पकडते, ती ई. कोलाय, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस आणि थर्मस थर्मोफिलस या तिघांत वेगवेगळी आहे.