‘कोलेस्टेरॉल फ्री’ तेल म्हणजे मनसोक्त तळण नव्हे

तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ दिसलं की हात सैल सुटतो. पण कोलेस्टेरॉल असतं प्राणिज पदार्थांत. शेंगदाणा, करडई, पाम, खोबरेल, कुठल्याही वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच. मग कंपनीचं कौतुक कसलं? रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवते ती मुख्यतः संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट); तिच्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. पिशवी उलटी करून ‘सॅच्युरेटेड फॅट’चा आकडा बघा: १०० ग्रॅम शेंगदाणा तेलात २० ग्रॅमच्या आसपास, पामतेलात ५०, खोबरेलात ८० च्या वर. करडईचं तेलसुद्धा मोजूनच. माणशी महिना अर्धा लिटर, म्हणजे रोज तीन-साडेतीन छोटे चमचे; बाहेरचा वडापाव त्यातच धरायचा. आणि तेल बदललं म्हणून डॉक्टरांनी दिलेली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करू नका.