गल्ला दहा कोटी, मग नफा किती?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी कुठल्या तरी सिनेमाबद्दल एक मजकूर फिरतो: ‘खर्च ५ कोटी, गल्ला १० कोटी, म्हणजे निर्मात्याला ५ कोटींचा नफा.’ वजाबाकी बरोबर आहे, पण तो गल्ला निर्मात्याच्या हातात येतच नाही.

ठाण्यातल्या मल्टिप्लेक्सचं २३६ रुपयांचं तिकीट घ्या. १०० रुपयांपेक्षा महाग तिकिटाला मूळ किमतीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे इथे २०० वर ३६ रुपये सरकारचे. उरलेल्या २०० पैकी पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थिएटरकडे राहतात, आणि पुढे थिएटरचा वाटा वाढतच जातो. बाकीचे वितरकाकडे. तो आपलं कमिशन कापतो, त्याने जाहिरातीला पैसे घातले असतील तर तेही, आणि मग निर्मात्याची पाळी येते. पॉपकॉर्नचे पैसे तर या हिशेबात नसतातच, ते थिएटरचे.

याच हिशेबाने १० कोटींतून कर गेला की साडेआठ कोटींच्या आत उरतात, आणि त्याचे निम्मे सव्वाचार. ५ कोटींचा खर्चही अजून निघालेला नाही! मोठा स्टुडिओ हा खड्डा टीव्ही, ओटीटी आणि संगीताच्या हक्कांतून भरतो, तोटा दहा सिनेमांवर पसरवतो. स्वतंत्र निर्मात्याकडे बहुधा एकच सिनेमा असतो, तोही कर्जावर. व्याज थांबत नाही. म्हणून ‘कमावले की एवढे’ हे वाक्य मला खटकतं.

पडताळायचं असेल तर पुढच्या तिकिटाची पावती बघा, कर वेगळा छापलेला असतो. आणि आकडा ‘ग्रॉस’ (करासकट) आहे की ‘नेट’, हे आधी विचारा. नेटमधून फक्त कर वजा झालेला असतो, थिएटरचा वाटा नाही.